‘दुसरीकडे जातील’ म्हणजे नेमके कुठे?

खाडीत किंवा खाजणात भराव घालायचा ठरला की प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात अहवाल तयार होतो. त्यात पक्ष्यांचे एक प्रकरण असते. प्रजातींची यादी, लॅटिन नावे, दोन-चार बरे फोटो, आणि शेवटी कुठेतरी अशा अर्थाचे एक वाक्य, की काम सुरू झाल्यावर पक्षी आसपासच्या तशाच जागी निघून जातील. वाक्य इतके निरागस की वाचताना त्यावर कोणाचे बोट थांबत नाही. पक्ष्याला पंख आहेत, तो जाणारच! पण भराव आणि पक्षी या विषयावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगात जे संशोधन झाले, जे खटले लढवले गेले आणि जे अंदाज सपशेल चुकले, ते सगळे याच वाक्याभोवती फिरते. दुसरीकडे म्हणजे कुठे? तिथे आधीपासून कोण राहते? आणि तिथे खायला काय आहे?

याची उत्तरे नकाशावर कमी आणि भरतीच्या वेळापत्रकात जास्त मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओहोटी लागताना शिवडीच्या धक्क्यावर उभे राहिले की सगळा मामला डोळ्यांसमोर उलगडतो. पाणी मागे सरते, चिखल उघडा पडतो आणि पाण्याच्या कडेबरोबर पक्ष्यांची रांगही आत आत सरकते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. टिलवे चिखलाच्या वरच्या थरात टोचत धावत असतात, तुतवार त्याहून थोडे खोल जातात, लांब वाकड्या चोचीचा कोरल बिळातला खेकडा ओढून काढतो. एकाच चिखलाचे असे मजले पडलेले असतात आणि प्रत्येक मजल्यावर वेगळे भाडेकरू. सहा तासांनी पाणी परत येते. मग हीच मंडळी उठते आणि मिठागरात, बांधाआडच्या तळ्यात, उघाडीच्या आतल्या खाजणात, जिथे पाणी पोचत नाही किंवा घोटाभरच पोचते अशा जागी जाऊन बसते. दिवसाला दोन भरत्या, रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा. ओहोटी रात्री असेल तर जेवणही रात्री. त्यात उधाणाची भरती वेगळी आणि भांगाची वेगळी. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, नेहमीची बसायची जागाही बुडते आणि तेव्हा आणखी उंचावरची तिसरी जागा लागते.

म्हणजे खाडीतल्या पक्ष्याचे स्वयंपाकघर एकीकडे आणि निजायची खोली दुसरीकडे असते, आणि बहुतेक वेळा दोन्हींचे सातबारे वेगळे असतात. एक जागा अभयारण्यात, दुसरी कुठल्या तरी प्राधिकरणाच्या विकास आराखड्यात. दुसरीवर भराव पडला तर अहवाल म्हणतो, अभयारण्याला धक्का लागलेला नाही. कागदावर ते खरेही असते.

हा अंदाज किती मोठ्या प्रमाणावर चुकू शकतो, हे पाहायचे तर दक्षिण कोरियात जावे लागते. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर मांग्योंग आणि दोंगजिन या दोन नद्या पिवळ्या समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखाशी पसरलेला चिखल म्हणजे सेमानगुम. १९९१मध्ये सरकारने तिथे समुद्रात बांध घालायला घेतला. लांबी ३३.९ किलोमीटर, आत कोंडायचे क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटर, आपल्या मुंबई महापालिकेच्या हद्दीहून थोडेच कमी. आधी सांगितले भातशेतीसाठी. पुढे देशात भाताची गरज कमी होत गेली, तेव्हा उद्योग, पर्यटन, नवे शहर अशी कारणे बदलत गेली. (प्रकल्पाचे कारण बदलते आणि भराव मात्र कायम राहतो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.) २००३मध्ये बौद्ध भिक्खू आणि ख्रिस्ती धर्मगुरू तीन पावले चालून एक साष्टांग नमस्कार असे करत सेमानगुमहून सोलपर्यंत गेले. ६५ दिवस लागले. पंढरीच्या वाटेवर दंडवत घालणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली जिद्द वेगळी सांगायला नको. मार्च २००६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला आणि एप्रिलमध्ये बांधाची शेवटची फट मिटली.

पक्ष्यांचे काय, या प्रश्नावर उत्तर ठरलेले होते: उत्तरेला गुम नदीचे मुख आहे, दक्षिणेला गोम्सोचा उपसागर आहे, पक्षी तिकडे जातील. ‘बर्ड्स कोरिया’ आणि ऑस्ट्रेलियातल्या चिखलपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या गटाने हे उत्तर शब्दशः खरे धरून तपासायचे ठरवले. या कामाचे खरे मोल तिथेच आहे. त्यांनी फक्त सेमानगुम मोजले नाही. गुमचे मुख आणि गोम्सोसुद्धा, २००६, २००७ आणि २००८ या तिन्ही वर्षांच्या वसंतात, त्याच पद्धतीने मोजले. ‘दुसरीकडे’चा पत्ता घेऊन त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवण्यासारखे हे होते.

त्यात सगळ्यात बोलका पक्षी ठरला ग्रेट नॉट. मुठीएवढ्या अंगाचा, करड्या ठिपक्यांचा, दिसायला साधा. वीण ईशान्य सैबेरियात, थंडी काढायची ती मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर. परतीच्या वाटेवर तो पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता उडतो आणि पिवळ्या समुद्राच्या चिखलात उतरतो तेव्हा अंगावर हाडे आणि पिसेच उरलेली असतात. काही आठवड्यांत शिंपले आख्खे गिळून, पोटात भरडून, वजन दुपटीकडे न्यायचे आणि पुढे निघायचे. सेमानगुम हा या प्रवासातला सगळ्यात मोठा थांबा होता. बांध मिटल्यावर लगेच झालेल्या २००६च्या मोजणीत पक्षी मोठ्या संख्येने होतेच. ते आपल्या सवयीने आले होते. अभ्यास तिथेच थांबला असता तर निष्कर्ष निघाला असता की परिणाम नाही. पुढच्या दोन वर्षांत सुमारे नव्वद हजार ग्रेट नॉट तिथून नाहीसे झाले. गुमच्या मुखाशी थोडे वाढले, पण गेलेल्यांच्या मानाने काहीच नाही. कोरियात इतरत्र शोधले, सापडले नाहीत. मग ऑस्ट्रेलियात, जिथे ते थंडीला परततात, तिथल्या मोजण्यांतही तूट दिसू लागली. पक्षी दुसरीकडे गेले नव्हते. २०१५मध्ये ग्रेट नॉट जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

एका प्रकल्पावर एवढा दोष टाकणे बरोबर का, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पिवळ्या समुद्राभोवती चीन आणि कोरियाने मिळून उपग्रहचित्रांच्या हिशेबाने १९८०च्या दशकापासून तीसेक वर्षांत २८ टक्के चिखल गमावला. जुने नकाशे धरले तर पन्नास वर्षांतली घट ६५ टक्क्यांपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियाच्या रोबक उपसागरात पायात रंगीत कड्या घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून २०१६मध्ये असे दाखवता आले, की ते ऑस्ट्रेलियात असताना पूर्वीइतकेच जगतात, बाहेर असतात त्या महिन्यांत जास्त मरतात. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने दहा प्रजाती-उपप्रजाती शेजारी ठेवून पाहिल्या: जी जात पिवळ्या समुद्रावर जितकी जास्त अवलंबून, तितकी तिची घसरण वेगाची. एकाच धाग्याने खेचलेला पुरावा नव्हे हा, चार बाजूंनी येऊन मिळणारा आहे. चीनने २०१८मध्ये व्यावसायिक भरावांना मंजुरी देणे थांबवले, आणि दक्षिण कोरियाचे उरलेले चिखलपट्टे २०२१मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. सेमानगुम मात्र अजून संपलेले नाही. तिथे नवा विमानतळ बांधण्याचा आराखडा सप्टेंबर २०२५मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने रद्द ठरवला. पक्ष्यांची विमानांना धडक आणि परिसंस्थेची हानी यांचा नीट विचार झाला नाही, हे त्यामागचे कारण. भरावाचा अहवाल आणि विमानाच्या सुरक्षेचा अहवाल ही शेवटी एकाच पक्ष्याची दोन प्रकरणे असतात, हे तिथे पक्ष्यांची धडक बसलेल्या विमानाच्या मुआनमधल्या भीषण अपघातानंतर सगळ्यांच्या लक्षात आले होते.

आता एक लहान, पण मला सेमानगुमहून अधिक शिकवणारे उदाहरण. वेल्समधल्या कार्डिफच्या उपसागरावर १९९९मध्ये बंधारा घालून गोड्या पाण्याचे तळे केले. शहराची किनारपट्टी देखणी करायची होती. हा भराव नव्हे, पण चिखल कायमचा बुडाला म्हणजे पक्ष्याच्या लेखी फरक शून्य. तिथे हिवाळा काढणाऱ्या लाल पायांच्या तुतवारांना संशोधकांनी आधीच कड्या घातल्या होत्या, त्यामुळे कोणता पक्षी कुठे गेला हे नावानिशी कळत होते. ते गेले शेजारच्या ऱ्हिमनी नदीच्या मुखाशी. म्हणजे अहवालातले वाक्य इथे अक्षरशः खरे ठरले! नुसती मोजणी केली असती तर सगळे सुखरूप म्हणून फाइल बंद झाली असती. पण वजन केले तर हे पक्षी रोडावलेले होते. वर्षभर जगण्याचे त्यांचे प्रमाण ८४.६ टक्क्यांवरून ७७.८ टक्क्यांवर आले. आकडा किरकोळ वाटतो. तो मृत्यूच्या बाजूने वाचला तर मरणाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढले होते. भरल्या चाळीत आणखी बिऱ्हाडे घुसवली की कोणी लगेच मरत नाही, पण पाणी सगळ्यांनाच कमी पडते आणि आजारी माणूस आधी जातो. तसेच हे.

खाणे ‘पुरेसे’ म्हणजे किती, यावर इंग्लंडमधल्या जॉन गॉस-कस्टर्ड या संशोधकाने आयुष्य घातले. एक्स नदीच्या मुखाशी कालवे-शिंपले फोडून खाणाऱ्या ऑयस्टरकॅचर पक्ष्यांवर त्यांनी दशकानुदशके काम केले. त्यांच्या चमूने २००४मध्ये मांडलेला हिशेब असा, की थंडीभर पक्षी जेवढे शिंपले प्रत्यक्ष खातात त्याच्या अडीच ते जवळपास आठपट साठा चिखलात असावा लागतो, तरच ते टिकतात. कारण साधे आहे: सगळा साठा हाती लागत नाही. काही खोल असतो, काही पाण्याखाली, काहीवर दांडगा शेजारी बसलेला. त्यांच्याच पठडीत पुढे संगणकावर एकेक पक्षी ‘जगवून’ पाहणारी प्रतिमाने तयार झाली. चिखलाचा अमुक तुकडा काढून टाकला तर किती पक्षी थंडी पार करतील, हे ती सांगतात. आघात मूल्यांकनाचे हे सर्वांत पुढचे शस्त्र म्हणता येईल. मात्र त्यात घालायला चिखलातल्या किड्या-शिंपल्यांची मोजदाद लागते, आणि ती करायला गुडघाभर चिखलात उतरावे लागते. बहुतेक सल्लागार संस्थांचे बूट कोरडे असतात.

कायद्याची बाजू युरोपने सर्वांत लांबवर नेली. तिथला नियम असा, की संरक्षित क्षेत्रावर परिणाम होणार नाही याची खात्री पटवण्याचा भार प्रकल्पावर. शास्त्रीयदृष्ट्या रास्त शंका उरली तर परवानगी नाही. नेदरलँड्सच्या वॅडन समुद्रातल्या शिंपले वेचण्याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २००४मध्ये हे स्पष्टच केले. पर्याय नसेल आणि सार्वजनिक हिताचे तसेच सबळ कारण असेल तरच हानी मान्य, पण मग भरपाई म्हणून तसाच अधिवास द्यायचा. रॉटरडॅमच्या बंदराचा सुमारे दोन हजार हेक्टरांचा दुसरा मोठा भराव या चाळणीतून गेला. २००५मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने त्याचे निर्णय आधी रद्द केले. भरावामुळे समुद्रप्रवाह बदलून गाळ आणि माशांची पिल्ले दूरच्या वॅडन समुद्रापर्यंत पोचण्यात किती फरक पडेल, हे तपासलेच नव्हते. तपासले, भरपाईदाखल समुद्रतळाचे विस्तीर्ण राखीव क्षेत्र ठेवले, मग काम झाले. प्रवाहाचा हा मुद्दा आपल्याकडे फार हलका घेतला जातो. शंभर हेक्टर भराव म्हणजे शंभर हेक्टरांचे नुकसान असे नसते. पाण्याची वाट बदलते, गाळ नको तिथे बसतो, हवा तिथून धुऊन जातो.

पण युरोपचा कायदा म्हणजे रामराज्य नव्हे. लॅपेल बँकची गोष्ट त्यासाठी सांगितली पाहिजे. केंटमधल्या मेडवे नदीच्या मुखाशी २२ हेक्टर चिखल. शीरनेसच्या बंदराला वाढायला हवा म्हणून सरकारने तो संरक्षित क्षेत्राच्या हद्दीतून आर्थिक कारणास्तव वगळला. पक्षिरक्षण संस्था न्यायालयात गेली. काम थांबवायचे तर बंदराच्या संभाव्य नुकसानीची हमी द्या, असा पेच आला. तो संस्थेच्या आवाक्याबाहेरचा होता. काम चालू राहिले. जुलै १९९६मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: हद्द आखताना आर्थिक कारणे विचारात घेता येत नाहीत. संस्था जिंकली. तोवर तिथे मोटारी उभ्या करायचा तळ झाला होता. भरपाई म्हणून एसेक्समधल्या वॉलसी बेटावरचा बांध फोडून भरतीला आत घेतले गेले ते २००६ साली. चिखल जाण्यात आणि बदली चिखल येण्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. पाणलावे आणि तुतवार एवढे थांबत नसतात.

भरपाईबद्दल जपानच्या नागोया शहराने अधिक प्रामाणिक उत्तर दिले असे मला वाटते. शहराचा कचरा टाकायला फुजिमाए नावाच्या चिखलपट्ट्यावर भराव घालायचा बेत होता, आणि मोबदल्यात कृत्रिम चिखलपट्टा बांधून देऊ असे नगरपालिकेचे म्हणणे. केंद्राच्या पर्यावरण खात्याने कृत्रिम चिखल हा खऱ्याचा पर्याय नव्हे अशी भूमिका घेतली. जानेवारी १९९९मध्ये शहराने बेत सोडला, पाठोपाठ कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली आणि घरोघर वर्गीकरण सुरू करून कचराच कमी केला. २००२मध्ये फुजिमाए रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. पर्याय आहे का, हा प्रश्न मनापासून विचारला तर उत्तर कधी कधी पक्षिशास्त्राबाहेर, कचऱ्याच्या डब्यात सापडते.

आता घरी येऊ. भरावाच्या बाबतीत मुंबईला कोणी शिकवायची गरज नाही. सात बेटांचे हे शहर उभेच भरावावर आहे. अठराव्या शतकात वरळीचा बांध टिकेना, तेव्हा समुद्रात बुडालेल्या देवीच्या मूर्ती बाहेर काढून देऊळ बांधल्यावर तो टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. शहरातली ही पहिली पर्यावरण मंजुरी म्हणायला हरकत नाही. निदान तेव्हा समुद्राला विचारले तरी होते.

ठाणे खाडीतल्या रोहितांची गोष्ट मात्र थोडी तिरकस आहे. हे पक्षी अनादिकाळापासून इथे येत नाहीत. मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात. शहराचे सांडपाणी खाडीत मिसळते, त्याने शेवाळ माजते, आणि छोट्या रोहिताचे ते मुख्य अन्न. वरून येणारा गाळ साचून चिखलही वाढला. त्यामुळे ‘मूळ नैसर्गिक स्थिती’ शोधत बसणाऱ्या मूल्यांकनाची इथे पंचाईत होते. आपल्या घाणीवर जमलेले वैभव आहे हे, पण वैभव आहेच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) २०१९च्या मोजणीत रोहितांचा आकडा सव्वा लाखाच्या घरात गेला. २०१५मध्ये सुमारे १६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२मध्ये आसपासचा भाग धरून सुमारे ६५२१ हेक्टरांना रामसर दर्जा मिळाला.

हे झाले स्वयंपाकघराचे. निजायच्या खोल्या आहेत नवी मुंबईत आणि उरणमध्ये: सीवूड्सजवळचे एनआरआय आणि टीएस चाणक्यचे पाणथळे, बेलपाडा, भेंडखळ, पाणजे, शिवाय खाडीच्या अलीकडे भांडुपचे उदंचन केंद्र. बीएनएचएसने यांना अभयारण्याच्या उपग्रह पाणथळी म्हटले आणि दोन्ही मिळून एकच व्यवस्था म्हणून जपा असे सुचवले. कागदावर मात्र यांतल्या बऱ्याच जागांकडे विकासयोग्य भूखंड म्हणून पाहिले गेले आहे. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला आणि आसपास रोहित मरून पडू लागले. भर वस्तीत भांबावलेले पक्षी रस्त्यावर उतरले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या एका प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला. ३९ पक्षी गेले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि मी तो जोडणार नाही. पण निजायची जागा गेलेला थवा भरतीच्या वेळी हवेत जास्त वेळ राहतो, ही भीती विमानतळाच्या संदर्भात पक्षितज्ज्ञ आधीपासून बोलून दाखवत होते, आणि नवी मुंबईचा ११६० हेक्टरांचा विमानतळ, जो टेकडी फोडून, उलवे नदी वळवून, भराव घालून उभा राहिला, तो आता सुरूही झाला आहे. २०२५मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून राज्याची मान्यता मिळाली, हे चांगले झाले. मात्र एवढ्या पक्ष्यांच्या मानाने हा तलाव जेमतेम तीस एकरांचा.

आपल्या नियमांतली भोके इथे नेमकी नडतात. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेखालचे अहवाल बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाच्या पाहणीवर उभे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तीन-चार आठवड्यांची पाहणी केली तर रोहित यादीत येणारच नाहीत, कारण ते अजून यायचे असतात. एप्रिलमध्ये केली तर उत्तरेकडे निघून गेलेले तुतवार सुटतात. दिवसा अकरा ते चार अशी कचेरीच्या वेळेत केली आणि नेमकी तेव्हाच भरती असेल, तर चिखल दिसतच नाही! किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलाला सर्वोच्च संरक्षण आहे, पण ‘सक्रिय’ कोण ठरवणार? २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मिठागरे वगळलेली आहेत, आणि मुंबईत भरतीच्या वेळी पक्षी बसतात त्यांतल्या उत्तम जागा मिठागरेच आहेत. त्यांतली सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला. घर ही माणसाची गरज मोठी आहे, हे कोण नाकारेल. पण त्या मिठागरांवर उधाणाला काय बसते याचा हिशेब आधी मांडायला हवा, नंतर नव्हे.

भरपाईचे तर आपण विचित्रच करून ठेवले आहे. तिवरे तोडली की तिवरे लावा, हा आपला एकच मंत्र. लावायला मोकळी जागा कुठे मिळते? उघड्या चिखलावर. म्हणजे पक्ष्यांच्या ताटावर झाडे लावून आपण पर्यावरणाची भरपाई करतो. तिवर जपलेच पाहिजे, त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत लढे झाले आहेत, आणि ते योग्य होते. पण कांदळवन आणि चिखलपट्टा हे वेगळे अधिवास आहेत. गर्द कांदळवनात रोहित उतरत नाही, कोरल चरत नाही. ठाणे खाडीत तिवरे आपसूकच चिखलावर पसरत चालली आहेत. त्यात आपण भर घालायचे कारण नाही.

या सगळ्याहून मोठी गफलत म्हणजे तुकड्यातुकड्याने पाहणे. अटल सेतूचा अहवाल वेगळा, विमानतळाचा वेगळा, प्रत्येक जेट्टीचा, रस्त्याचा, गोदामांच्या भरावाचा वेगळा. प्रत्येक अहवालात पक्षी ‘दुसरीकडे’ जातात, आणि एकाचे ‘दुसरीकडे’ म्हणजे बहुधा पुढच्या प्रकल्पाची जागा असते. वेगवेगळ्या सल्लागारांनी तोच एक पाहुणा एकमेकांच्या घरी पाठवून दिला आणि तो नेमका कोणाकडे पोचला हे कोणीच विचारले नाही, असा हा प्रकार आहे. माझे मत स्पष्ट सांगतो: ठाणे खाडीसाठी स्वतंत्र प्रकल्पांची पक्षिप्रकरणे लिहिणे बंद करून संपूर्ण खाडीचा, तिच्या सगळ्या उपग्रह पाणथळींसह, एकच हिशेब ठेवावा. दर महिन्याला, उधाणाला आणि भांगाला, ओहोटीत आणि भरतीत मोजणी. चिखलातल्या खाद्याची मोजणी. आणि प्रत्येक नव्या प्रकल्पाने त्याच वहीत आपली वजाबाकी दाखवावी. बीएनएचएसकडे यासाठी लागणारा अनुभव आहे, रोहितांच्या पाठीवर उपग्रहयंत्रे बसवून ते खाडीतून गुजरातपर्यंत कसे जातात-येतात हेही त्यांनी पाहिले आहे. प्रकल्पांच्या खर्चापुढे या कामाचा खर्च चिल्लर ठरेल. पालघरमध्ये वाढवण बंदरासाठी समुद्रात १४४८ हेक्टर भराव होणार आहे. किनाऱ्याचा असा एकत्र हिशेब तिथेही आतापासून सुरू करता येईल.

जनसुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावाच लागतो. आपल्या खाडीवर असा अहवाल आला तर पक्ष्यांची यादी किती लांब आहे ते पाहू नका. पाहणीच्या तारखा शोधा, त्या भरतीच्या तक्त्याशेजारी ठेवा, आणि सुनावणीत उभे राहून विचारा: तुम्ही मोजलेत तेव्हा किती वाजले होते, पाणी किती मीटर होते, आणि ‘दुसरीकडे’ची जागा तुमच्यापैकी कोणी पाहून आले आहे का?